ढोल पथक काढायचंय? आधी ठरवा, बँड काढताय की पथक

या आठवड्याच्या व्हिडिओत ढोल पथकाचा हिशेब मी घाईघाईत सांगितला, वेळ पुरला नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन जवळ ठेवा, मध्ये थोडे आकडे येतील.

गोष्ट मुक्ताईनगरची आहे. आषाढाचे दिवस होते, मुक्ताईची पालखी पंढरपूरच्या वाटेला लागून बरेच दिवस झाले होते. वर्ग संपल्यावर एक मुलगा थांबला. वय असेल बावीस-तेवीस. घरी केळी, थोडा कापूस. मधे दोन वर्षं पुण्याला कंपनीत कामाला होता आणि तिथल्या एका ढोल-ताशा पथकात वाजवायचा. आता गावी परत आलाय. म्हणाला, "सर, पथक काढून राह्यलो. इकडे कोणाकडेच पुण्यासारखं पथक नाही. मंडळवाले डीजेला कंटाळले आहेत. हिशेब करून आणलाय, फक्त एकदा बघून द्या."

हिशेब व्यवस्थित होता, अक्षर चांगलं होतं. वीस ढोल, सहा ताशे, ध्वज, कपडे. सगळे मिळून एक लाख नव्वद हजार. समोर उत्पन्न: एका मिरवणुकीची सुपारी पंचवीस हजार, गणपतीचे दहा दिवस, म्हणजे अडीच लाख. पहिल्याच हंगामात भांडवल वसूल आणि वर साठ हजार. मामा एक लाख उसने द्यायला तयार होते. बाकीचे तो सोनं ठेवून उभे करणार होता. सोनं आईचं होतं.

ती वही पाहिल्यावर मी त्याला एकच विचारलं, "वाजवणाऱ्यांचे पैसे कुठे लिहिलेत?"

तो हसला. "सर, पथकात कोणी पैसे घेत नाही. पुण्यात आम्हीही घेत नव्हतो."

इथेच गाडी अडली. तुमच्यापैकी ज्यांना पथक काढायचंय (आणि ज्यांना काढायचं नाही त्यांनीही) हे नीट समजून घ्या. या मुलाने उत्पन्न लिहिलं होतं बँडवाल्याचं आणि खर्च लिहिला होता पथकाचा.

बँडवाला काय करतो

आपल्या खानदेशात बँड हा जुना आणि पक्का धंदा आहे. लग्नसराई आली की बँडवाला कलाकार गोळा करतो. सनई वाजवणारा, ट्रम्पेटवाला, ताशेवाला, ढोलवाला. अनेक जण हंगामाआधी उचल घेतात, हंगामात ती फेडतात. मालक कोण आणि कामगार कोण हे सगळ्यांना माहीत असतं. नवरदेवाच्या बापाने दिलेली सुपारी मालकाच्या खिशात जाते, त्यातून मजुरी जाते, उरलं ते मालकाचं. तो साधा सरळ व्यवहार आहे आणि त्यात कोणाची फसवणूक नाही. कलाकार थकला तरी वाजवतो, कारण त्याला संध्याकाळी पैसे मिळणार असतात.

पथक वेगळं आहे. पुण्यातल्या पथकांची परंपरा शाळांमधून आली. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली स्थापन केलेल्या ज्ञानप्रबोधिनीचं बरची नृत्य आणि ढोल, रमणबाग शाळेचं पथक, अशा विद्यार्थ्यांच्या पथकांनी विसर्जन मिरवणुकीला शिस्तीचं वळण दिलं. पुढे माजी विद्यार्थ्यांची, कॉलेजच्या मुलामुलींची पथकं निघाली. आज मोठ्या पथकात शंभराच्या वर ढोल असतात. बहुतेक वादक नोकरी किंवा कॉलेज करून येतात आणि वाजवण्याचा एक रुपयाही घेत नाहीत. मंडळाकडून पथकाला मानधन मिळतं. ते वाद्यांच्या देखभालीला, टेम्पोला, पुढच्या वर्षाच्या तयारीला आणि अनेक ठिकाणी सामाजिक कामाला जातं.

मग ही मुलं फुकट का राबतात? कारण त्यांना दुसरं काहीतरी मिळतं. लक्ष्मी रस्त्यावर हजारो लोकांसमोर वाजवायला मिळतं. मैत्री मिळते. आपण एका मोठ्या गोष्टीचा भाग आहोत असं वाटतं. हे सगळं त्यांना मिळत असतं तोवरच ती राबतात. आणि त्यांच्या घामाचे पैसे एका माणसाच्या खिशात जातायत हे कळलं की दुसऱ्या दिवशी ढोल जमिनीवर.

अमेरिकेत याचा अजून एक टोकाचा प्रकार आहे. त्याला ड्रम कोअर म्हणतात. ड्रम आणि पितळी वाद्यांची पथकं, दीडशेच्या वर मुलं, सगळी बावीस वर्षांच्या आतबाहेरची. ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली व्हिस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावात झाली. तिथे उन्हाळाभर मुलं बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपतात, उन्हात दिवसभर सराव करतात आणि रात्री दहा-बारा मिनिटांचा एक कार्यक्रम करतात. परीक्षक त्याला शंभरपैकी गुण देतात. आणि ऐका, या कष्टाचे पैसे त्यांना मिळत नाहीत. उलट तीच फी भरतात, आपल्या रुपयांत लाखांच्या घरात. म्हणजे जगात कुठेही जा, पथकाचं इंधन पगार नाही. पण म्हणून ते फुकटही नाही.

जे मिरवणुकीत दिसत नाही

आता मेहनतीचं बोलू, कारण लोक पथक बघतात ते मिरवणुकीच्या दिवशी. ढोल कमरेला, फेटा डोक्यावर, मोबाईल वर. त्याच्या आधीचे दीड-दोन महिने कोणी बघत नाही.

त्या मुलाने मला पुण्याचं सांगितलं. संध्याकाळी कामावरून सुटायचं, डबा तसाच बॅगेत, थेट मुठेच्या नदीपात्रात. पाऊस असला तर पुलाखाली. बऱ्याच पथकांत नव्या माणसाला लगेच ढोल देत नाहीत. आधी तोंडाने ठेका म्हणायचा, हाताने टाळी द्यायची, मांडीवर वाजवायचं. पाय आणि हात एका लयीत आले की मग ढोल. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला हाताची थाप. पहिल्या आठवड्यात बोटांना फोड येतात, ते फुटतात, चिकटपट्टी लावून पुन्हा वाजवायचं. कमरेचा पट्टा नीट बांधला नाही तर ओटीपोटाला वळ उठतात. वजन दोन्ही खांद्यांवर सारखं नसेल तर चार तासांनी पाठ बोलायला लागते.

ताशेवाल्याचं काम सगळ्यात अवघड. ढोल बंद पडला तर एक आवाज कमी होतो. ताशा चुकला तर सगळं पथक चुकतं. ठेका बदलायची खूण ताशातून येते, म्हणून शंभर ढोलवाले डोळे आणि कान त्याच्याकडे लावून असतात. चांगला ताशेवाला तयार व्हायला दोन-तीन हंगाम लागतात. तुम्ही पैसे टाकून वीस ढोल एका दिवसात आणू शकता, पण ताशेवाला विकत मिळत नाही. आणि जो मिळतो तो बँडवाल्याकडे कामाला असतो, तो भाद्रपदात तुमच्यासाठी फुकट का येईल?

मग वाद्यांचं. चामड्याचं पान असेल तर पावसाळी हवेत ते ढिलं पडतं, आवाज बसतो. जुने ताशेवाले म्हणून तर वाजवण्याआधी ताशा शेकायचे. फायबरच्या पानाला हवेचा त्रास कमी, पण तेही फाटतं, आणि ऐन मिरवणुकीत फाटतं. दोरीचा ढोल वाजवून सैल होतो, तो पुन्हा ताणावा लागतो. पायाने ढोल दाबून धरायचा आणि दोन हातांनी दोरी ओढायची. ज्याने हे केलंय त्याचे तळवे बघा, कळतं. सराव संपल्यावर वाद्यं पुसून, मोजून, कोरड्या जागेत ठेवायची. हे काम करणारी दोन-चार मुलं प्रत्येक पथकात असतात. त्यांचा फोटो कधी येत नाही आणि त्यांच्याशिवाय पथक चालत नाही.

कानांचा विषय मी मुद्दाम काढतो, कारण आपल्याकडे कोणी काढत नाही. कामाच्या ठिकाणी आवाजाची सुरक्षित मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी धरतात. तिथून पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. ढोल-ताशाच्या मध्ये उभं राहिलं तर आवाज याच्यावर जातो आणि मिरवणूक चालते चार-पाच तास. कानात घालायचे स्पंजचे बोळे काही रुपयांना मिळतात. तुमच्याकडे येणारी मुलं कोणाची तरी लेकरं आहेत. हा खर्च वहीत पहिल्या पानावर लिहा.

आता हिशेब

खालचे सगळे भाव उदाहरणादाखल धरलेत. तुम्ही तुमच्या बाजारात विचारून स्वतःचे भरा. पण पद्धत हीच ठेवा.

मी त्या मुलाला म्हटलं, दहा दिवस म्हणजे दहा सुपाऱ्या हे डोक्यातून काढ. घरच्या गणपतीला कोणी वीस ढोल बोलावत नाही. मंडळांना ढोल लागतो आणायच्या दिवशी आणि विसर्जनाच्या दिवशी. सगळ्या मंडळांना एकाच दिवशी, एकाच वेळेला. तू एक पथक घेऊन एका वेळी एकाच ठिकाणी उभा राहणार. मुक्ताईनगर, बोदवड, रावेर, वरणगाव, सगळे मिळून तारखा जुळल्या तरी पाच कामं झाली तर देवाची कृपा समज.

पाच कामं, पंचवीस हजारांनी, सव्वा लाख. आता टेम्पो: प्रत्येक वेळी चार हजार, म्हणजे वीस हजार. चाळीस माणसं, नाश्ता आणि जेवण माणशी ऐंशी रुपये, पाच वेळा: सोळा हजार. सरावाचे पंचेचाळीस दिवस, चहा-पाणी आणि लाइट रोजचे तीनशे: साडेतेरा हजार. पानं, दोऱ्या, टिपरू, काड्या, दुरुस्ती: पंचवीस हजार. बेरीज चौऱ्याहत्तर हजार पाचशे. हातात उरले पन्नास हजार पाचशे.

म्हणजे कोणालाही एक पैसा न देता एक लाख नव्वद हजार वसूल व्हायला पावणेचार हंगाम. आणि वादकांना कामाच्या दिवसाचे फक्त पाचशे रुपये द्यायचे म्हटले, सरावाचे शून्य, तर चाळीस जणांचे पाच दिवसांचे एक लाख. पन्नास हजार उरत होते, तिथे एकोणपन्नास हजार पाचशेचा तोटा.

तो बराच वेळ वही बघत बसला. मग म्हणाला, "सर, नवरात्र आणि शिवजयंती धरली तर?"

धरा, जरूर धरा. पण आपल्या भागाचं गणित लक्षात घ्या. भाद्रपदात शेतात काम असतं तरी संध्याकाळी पोरं मोकळी होतात. दसरा-दिवाळीकडे कापसाची वेचणी जोर धरते आणि तीच पोरं अंधार पडेपर्यंत शेतात असतात. केळीची कापणी तर व्यापाऱ्याची गाडी येईल तेव्हा. नवरात्रात चाळीसच्या जागी अठरा आली तर तुमचं काय? ज्या मंडळाला चाळीस सांगितले तिथे अठरा घेऊन गेलात की पुढच्या वर्षीचं काम गेलं. दुसरं म्हणजे मुक्ताईच्या यात्रेत आणि पालखीत सुपारी शोधू नका. तिथं टाळ-मृदंगाचा मान आहे. जिथं आपल्या मालाला जागा नाही तिथं तो घेऊन उभं राहिलं तर गाव नाराज होतं, आणि छोट्या गावात ते परवडत नाही.

कायद्याचाही धोका वहीत धरा. ध्वनिप्रदूषण नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालयाच्या आसपास १०० मीटर शांतता क्षेत्र. रात्री दहानंतर बंदी, सणांसाठी राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. पोलीस परवानगी मंडळ घेतं असं म्हणून सोडू नका, तिची प्रत मागून घ्या. २०२४ चं उदाहरण आठवा. ऑगस्टच्या शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यात एका पथकात ३० पेक्षा जास्त माणसं नकोत असा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबरला त्याला स्थगिती दिली. पण ७ तारखेला गणपती बसलेले होते! दोन महिने सराव केलेल्या पथकांनी ते दिवस कसे काढले असतील याचा विचार करा. कर्ज काढून शंभर ढोल घेतलेला माणूस त्या आठवड्यात झोपला नसेल.

माझ्यावर बेतलेलं

हे सगळं मी पुस्तकातून सांगत नाही. कॉलेजात असताना मीही एका पथकात होतो. गावाचं आणि पथकाचं नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. आम्ही तीस जण होतो. प्रमुख मेहनती माणूस, वाजवायचा पण सुंदर. एका हंगामात आम्हाला सात कामं मिळाली. पैसे किती आले ते आम्ही कधी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. विसर्जनानंतर पंधरा दिवसांनी त्याच्या दारात नवी मोटारसायकल दिसली.

आता खरं सांगतो, ती गाडी त्याने पथकाच्या पैशातून घेतली की नाही हे आम्हाला आजही माहीत नाही. कदाचित त्याचे स्वतःचे पैसे असतील. पण वही नव्हती, त्यामुळे तो सांगू शकला नाही आणि आम्ही विश्वास ठेवू शकलो नाही. पुढच्या वर्षी अर्धे जण फुटले, त्यांनी दुसरं पथक काढलं. दोन्हीकडे ताशेवाला अर्धवट शिकलेला. तीन वर्षांत दोन्ही बंद. ढोल एका गोठ्यात पडून होते, उंदरांनी दोऱ्या कुरतडल्या. मी त्याच्याशी पुढे बरीच वर्षं बोललो नाही. त्याचं आजही वाईट वाटतं, कारण चूक एका दहा रुपयांच्या वहीची होती.

म्हणून त्या मुलाला मी दोन रस्ते सांगितले आणि निवड त्याच्यावर सोडली.

धंदा करायचा असेल तर उघडपणे धंदा कर. उद्यम नोंदणी ऑनलाइन होते, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. आठ ढोल, तीन ताशे, पंधरा माणसं. प्रत्येकाला कामाचे पैसे ठरवून, कागदावर. लग्न, दुकानाचं उद्घाटन, प्रचारफेरी, जे मिळेल ते. वाद्यं पहिल्या वर्षी भाड्याने किंवा जुनी.

पथक करायचं असेल तर ते तुझं नाही, सगळ्यांचं आहे. संस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी, बँकेत संस्थेचं खातं, सही दोघांची. प्रत्येक सुपारीचा आकडा त्याच रात्री सगळ्यांसमोर वाचायचा. आणि त्यातून तुझं घर चालणार नाही हे आजच घरी सांगायचं.

तो म्हणाला, "मग सर, मी खाऊ काय?"

बरोबर प्रश्न होता. मी म्हटलं, तुझे हात दाखव. तळव्यावर घट्टे होते. पुण्यात तो वाजवण्यापेक्षा ढोल ताणायला जास्त असायचा. पानं बदलणं, ताशा लावणं, तुटलेली कडी बसवणं, हे सगळं त्याला येत होतं. मी विचारलं, इकडे मंडळांचे ढोल बिघडले की कुठे नेतात? त्याला माहीत नव्हतं. म्हटलं, आठ दिवस फिर. भुसावळ, बोदवड, रावेर, मलकापूर, जमलं तर बऱ्हाणपूर. मंडळवाले, बँडवाले, शाळांची लेझीम पथकं, सगळ्यांना एवढंच विचार: ढोल कुठे दुरुस्त करता, किती दिवस लागतात, किती पैसे जातात. विकायला जाऊ नकोस, फक्त विचार आणि लिहून आण.

बारा दिवसांनी फोन आला. सतरा ठिकाणी जाऊन आला होता. बऱ्याच जणांनी सांगितलं की वाद्य दूर पाठवावं लागतं, हंगामात वेळेवर परत येत नाही. एका शाळेच्या अडगळीत अकरा ढोल फुटक्या पानांनी पडून होते आणि सरांना ते कोणाला द्यावे हे कळत नव्हतं.

मामांचे लाख रुपये त्याने घेतले नाहीत. सोनं आईच्या डब्यातच आहे. घराच्या ओसरीत दोरी, पानं आणि हत्यारं मिळून अठरा हजारांचा माल भरला. शाळेचे अकरा ढोल पहिलं काम. त्यातले सहा ढोल संध्याकाळी वाजवायला देण्याची परवानगीही मुख्याध्यापकांकडून लेखी घेतली. गावातली चौदा पोरं आणि पाच मुली सरावाला येतात. पथकाचं नाव अजून ठरलेलं नाही, भांडण चालू आहे.

गेल्या आठवड्यात मी मुक्ताईनगरला गेलो तेव्हा ओसरीत बसायला जागा नव्हती. एका बँडवाल्याचे तीन ताशे आले होते, ते तो लावत होता. भिंतीवर खिळ्याला दोन वह्या टांगलेल्या. एकीवर लिहिलं होतं 'दुरुस्ती', दुसरीवर 'पथक'. पथकाच्या वहीत पहिल्या पानावर पहिली नोंद: कानाचे बोळे, वीस जोड्या.